‘होईल सवय’ म्हणू नका

घरात केर काढताना कुणाला ओळीने दहा शिंका आल्या, की वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, ‘होईल सवय. आम्ही काय धुळीत वाढलो नाही?’ पुढे त्याच माणसाला डॉक्टरांनी पंप लिहून दिला की तेच वडीलधारे दचकतात. ‘पंप नको रे बाबा, एकदा सवय लागली की सुटत नाही.’ धुळीची सवय होईल ही आशा आणि पंपाची सवय लागेल ही भीती, या दोहोंच्या कात्रीत सापडून आपल्याकडची माणसं वर्षानुवर्षं दमा अंगावर काढतात. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. एवढी तफावत का, याची कारणं अनेक आहेत, पण वेळेवर निदान न होणं आणि रोजचं औषध न घेणं ही त्यातली मोठी. धूळ, बुरशी, पीठ, झुरळं, परागकण यांचा त्रास सोसत जे ‘चालायचंच’ म्हणून बसले आहेत, त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी मला थोडं बोलायचं आहे.

ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. आधी शरीर त्या पदार्थाची ओळख करून घेतं, आणि काही जणांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले संशोधक यांनी ती स्वतंत्रपणे शोधून काढली. ही प्रतिपिंडं नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तोच पदार्थ पुन्हा श्वासातून आत गेला की काही मिनिटांत या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं सोडतात. नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, छाती आवळते. एवढा भाग सगळ्यांना दिसतो.

न दिसणारा भाग नंतर सुरू होतो. चार ते आठ तासांनी इओसिनोफिल आणि इतर दाहक पेशी श्वासनलिकेच्या भिंतीत येऊन जमतात आणि तिथे सूज धरते. दिवाळीच्या आधी दुपारी माळा साफ केला, शिंका येऊन थांबल्या, आणि रात्री दोन वाजता धाप लागून उठावं लागलं, असं होतं ते यामुळे. दोष मात्र जातो रात्रीच्या जेवणातल्या दह्याला किंवा केळ्याला.

आता हेच रोज घडतंय असं धरा. सकाळची सूज उतरायच्या आत रात्रीच्या गादीतला डोस आत जातो. कॉनेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात ॲलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात रोज परागकण सोडून पाहिले. सवय होण्याचं दूरच. दिवसेंदिवस कमी कमी परागकणांनी तेवढाच त्रास होऊ लागला. श्वासनलिकेचंही तसंच. सतत सुजलेली नळी मग ॲलर्जीशी काही संबंध नसलेल्या गोष्टींनाही आकसू लागते. थंड हवा, अत्तर, फोडणीचा ठसका, मोठ्याने हसणं. ‘मला आता सगळ्याचीच ॲलर्जी झालीय’ असं पुष्कळ रुग्ण म्हणतात. सगळ्याची होत नसते. बहुतेकदा एक-दोन गोष्टींचीच असते, आणि त्यांनी धुमसत ठेवलेली नळी बाकी सगळ्यांवर चिडते.

वर्षं गेली की नळीची रचनाच बदलते. खपली रोज खरवडली की खालची कातडी जाड आणि राठ होते, तसं अस्तराखाली चिवट तंतूंचा थर चढतो, भोवतालचे स्नायू जाड होतात, चिकट बेडका बनवणाऱ्या ग्रंथी वाढतात. या टप्प्यावर आलेला थोडा अरुंदपणा औषधांनीही पुरता मागे जात नाही. आणि इथे एक सवय खरोखर होते, ती धापेची. ज्यांची नळी वर्षानुवर्षं आकसलेली असते, अशा काही जणांना आपण अडखळत श्वास घेतोय हे जाणवेनासंच होतं. माणूस जिना टाळतो, मुलांबरोबर खेळणं सोडतो, देवळाच्या पायऱ्यांवर मध्येच थांबून ‘वय झालं’ म्हणतो. घरचे म्हणतात, आता पूर्वीसारखा त्रास नाही. यंत्रात जोराने फुंकायच्या चाचणीत मात्र आकडा निम्म्यावर आलेला असतो.

संपर्क तुटला तर काय होतं, याचे दाखले आहेत. डस्ट माइट हा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, साध्या डोळ्यांना जेमतेम ठिपका वाटेल असा जीव आपल्या गाद्या-उशांत राहतो, आपल्याच अंगावरचा कोंडा खातो आणि हवेतल्या दमटपणावर तहान भागवतो. त्याची विष्ठा ही घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचं जगभरातलं सर्वांत मोठं कारण. १९८२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी या किड्याची ॲलर्जी असलेले दम्याचे रुग्ण दोन महिन्यांहून अधिक काळ जवळजवळ धूळविरहित अशा रुग्णालयातल्या खोल्यांत ठेवले. त्यांच्या श्वासनलिकांचा चिडकेपणा स्पष्टपणे उतरला. इटलीत आल्प्स पर्वतातल्या मिसुरिना या ठिकाणी, जिथे कोरड्या हवेमुळे हा किडा फारसा तगत नाही, दमेकरी मुलांना काही महिने ठेवत असत. तिथे मुलांची नळी शांत होई आणि घरी परतल्यावर पुन्हा बिघडू लागे. तिसरा दाखला बार्सिलोनाचा. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात अधूनमधून एकाच दिवशी कित्येक लोक धाप लागून रुग्णालयात येत. शोध घेता कळलं, की बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवताना त्याच्या टरफलाची धूळ शहरभर पसरते. कोठाराला गाळण्या बसवल्या आणि ती साथ संपली. लातूर-हिंगोलीकडे मळणीयंत्राशेजारी तोंडाला काही न बांधता उभ्या राहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

‘पण आमच्या शेजारचा माणूस आयुष्यभर गोठ्यात वावरला, त्याला साधी शिंक नाही!’ हे खरं आहे. सहनशीलता नावाची गोष्ट शरीरात असते. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना याच विषयासाठी मिळालं. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशींचा एक वेगळा वर्ग साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवला, आणि त्या पेशींसाठी लागणारं जनुक पुढे इतर दोघांनी उंदरांत आणि मुलांत शोधलं. ज्या बाळांत हे जनुक बिघडलेलं असतं त्यांना जन्मानंतर लवकरच गंभीर आजार जडतात, त्यांत इसबाचे चट्टे आणि अन्नाची ॲलर्जीही असते. म्हणजे आपण सगळे एकच धूळ श्वासात घेतो आणि बहुतेकांना काही होत नाही, ते या पेशी मुकाट्याने काम करत असतात म्हणून.

पण या पेशींची सरशी कधी होते? पहिली गोष्ट मात्रेची. मधमाशा पाळणाऱ्यांकडे पाहा. वर्षभरात शेकडो डंख खाणाऱ्यांच्या रक्तात आयजीजी-४ नावाची वेगळी प्रतिपिंडं भरपूर असतात, आणि ती आयजीईच्या आड येतात. वर्षाला थोडेच डंख खाणाऱ्यांत ॲलर्जीचं प्रमाण उलट जास्त आढळतं. काही मुलांत घरातल्या मांजराबाबतही असंच दिसलं आहे. पण हे ऐकून, आधीच घरघरणाऱ्या पोराच्या अंथरुणात मांजर सोडू नका. शरीराने एकदा आयजीईचा रस्ता धरला की नुसत्या जास्त संपर्काने ते तिथून वळेल याची काहीही हमी नसते.

वाट कोणती, यालाही फार महत्त्व आहे. तोंडावाटे पोटात गेलेला पदार्थ शरीर सहसा आपला मानतं. फाटक्या, चिघळलेल्या कातडीतून शिरलेला मानत नाही. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन असलेला एक चेहऱ्याचा साबण खपत होता. तो वापरणाऱ्यांपैकी २,००० हून अधिक लोकांना, जे जन्मभर गहू खात आले होते त्यांना, गव्हाची ॲलर्जी जडली आणि २०११ मध्ये तो साबण बाजारातून काढावा लागला. उलट बाजूचा दाखला लंडनचा. चट्टे किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित खायला घातले, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत टाळायला लावले. २०१५ मध्ये निकाल आले. खाणाऱ्यांत ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. म्हणून सांगतो, सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करताना भीतीपोटी कूट, अंडं, मासे लांबवू नका. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कधीच देऊ नका, तो घशात अडकतो. बाळाला मोठे चट्टे असतील तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि त्या चिघळलेल्या अंगावर डाळीचं पीठ चोळणं बंद करा.

तिसरी गोष्ट सोबतीची. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत, मूळ वंश जवळचा, राहणी साधी. आमिश घोड्यांनी शेती करतात आणि त्यांचे गोठे घराला लागून असतात. हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून लांब. दम्याचं प्रमाण आमिश मुलांत ५ टक्क्यांच्या आसपास, हटराइट मुलांत २१ टक्के. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंचे अंश कित्येक पटींनी जास्त सापडले, आणि उंदरांना ती धूळ हुंगवली तर त्यांचा दमा आटोक्यात राहिला. तर शेजारचा तो गोठ्यातला माणूस खोटं बोलत नाही. पण त्याची सवय जन्मापासूनची, आणि शेणामुतासकट अख्ख्या गोठ्याची. तिसाव्या वर्षी दमा झाल्यावर फ्लॅटमधल्या ओलसर भिंतीची बुरशी आणि दहा वर्षांच्या गादीतला किडा हुंगत बसलं तर त्यातलं काहीच पदरात पडत नाही.

मग मोठेपणी सहनशीलता आणता येतच नाही का? येते, पण मोजून-मापून. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क अत्यल्प मात्रेत टोचायला सुरुवात केली आणि मात्रा हळूहळू वाढवत नेली. आजची इम्युनोथेरपी, म्हणजे लोक ज्याला ‘ॲलर्जीची इंजेक्शनं’ किंवा ‘जिभेखालचे थेंब’ म्हणतात ती, याच कल्पनेवर उभी आहे. तिने आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढतात, आयजीजी-४ वाढतं आणि नळीतली सूज उतरते. रोगाच्या मुळाशी जाणारा हा उपचार आहे हे मला मान्य आहे, पण तो ज्या सैलपणाने विकला जातो त्याची धास्तीही वाटते. ब्रिटनमध्ये या इंजेक्शनांनी झालेल्या २६ मृत्यूंची नोंद झाल्यावर १९८६ मध्ये त्यांच्यावर कडक बंधनं आली. म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. ‘घाई आहे’ म्हणून निघू नका. डॉक्टरांकडे ॲड्रिनलिन तयार आहे का, हे विचारायला लाजू नका. दमा आटोक्यात नसेल तर ही इंजेक्शनं घ्यायचीच नाहीत; आधी पंपाने नळी शांत करायची. उपचार किमान तीन वर्षांचा असतो. दोन वर्षं घेऊन सोडणाऱ्यांना वर्षभरानंतर काहीच फायदा उरला नाही, हे लंडनमधल्या एका नीट केलेल्या प्रयोगात दिसलं आहे. आणि एकाच बाटलीत पंधरा-वीस पदार्थांचं मिश्रण देऊ केलं, तर यातल्या नेमक्या कशाने मला त्रास होतो हे तुम्ही कसं ठरवलंत, असं शांतपणे विचारा.

चाचण्यांबद्दलही सावध राहा. कातडीवर टोचून केलेली किंवा रक्तातल्या आयजीईची चाचणी उपयोगी आहे, पण ती तुमच्या तक्रारीशी जुळवून वाचायची असते. अहवालात दोनशे पदार्थांपैकी चाळीस लाल दिसले म्हणून चाळीस गोष्टी सोडायच्या नसतात. आयजीजी मोजून ‘तुम्हाला हे अन्न सोसत नाही’ सांगणाऱ्या महागड्या चाचण्या तर करूच नका. तुम्ही जे खाता आणि पचवता त्याचीच आयजीजी रक्तात सापडते. त्या अहवालावर पोरांचं दूध, गहू, अंडी बंद करणारी घरं आहेत, याचा मला राग येतो.

घरात काय करायचं? नुसतं गादीला महागडं आवरण घालून काही साधत नाही, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. चार गोष्टी एकत्र केल्या तर फरक पडतो. पलंगपोस आणि उशांचे अभ्रे आठवड्याला ५५ ते ६० अंश गरम पाण्यात धुवा. गोधड्या कडक उन्हात घाला, पण झटकायचं काम दमा असलेल्याने करू नये. कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं. पावसाळ्यात भिंतीला ओल धरत असेल तर रंगावर रंग चढवण्याआधी गळती शोधा. रात्री खरकटं झाकून ठेवा. झुरळांसाठी फवाऱ्यापेक्षा जेल बरं, कारण फवाराही छातीला झोंबतो. डासांची कॉइल दार लावून जाळू नका. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. हा धूर ॲलर्जन नव्हे, पण आधीच सुजलेल्या नळीला तो फरक कळत नाही.

कबुतरांचा आजार वेगळा. त्यांच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने नळीपेक्षा खोल, थेट फुप्फुसाच्या गाभ्यात दाह होतो. त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. इथे शिंकांची पूर्वसूचना नसते. कोरडा खोकला, चढावर लागणारा दम, घटतं वजन, आणि कळेपर्यंत फुप्फुसात व्रणाचे तंतू पसरलेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशभरातल्या १,०८४ रुग्णांच्या नोंदीत फुप्फुसं घट्ट करणाऱ्या आजारांपैकी जवळजवळ निम्मे या प्रकारचे होते, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास रुग्णांचा संबंध एअर कूलरशी होता. म्हणजे एकटी कबुतरंच दोषी नाहीत; कूलरचं पाणी आणि वाळ्याच्या ताट्या बदलणं म्हणजे चोखंदळपणा नाही. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढा वाद झाला. भूतदयेचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवावा, पण एसीच्या फळीवरचं घरटं अंडी घालण्याआधी काढा आणि सुकलेली विष्ठा खरवडण्याआधी भिजवा.

आता पंप. त्यात दोन प्रकार असतात, हे पुष्कळांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. एक आकसलेली नळी तात्पुरती उघडतो, दुसरा सूज उतरवतो. लोक पहिल्याला धरून बसतात, कारण तो पाच मिनिटांत आराम देतो. नुसत्या त्याच्यावर दमा चालवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक २०१९ पासून स्पष्ट सांगतात. सूज उतरवणाऱ्या पंपातलं स्टेरॉइड ऐकून घाबरू नका. एका फवाऱ्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम असतं. १० मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या ५० पट. पंप टाळणारी माणसं वर्षातून तीनदा त्याच गोळ्यांवर येतात, ही यातली गंमत. फवाऱ्यानंतर चूळ भरा, म्हणजे तोंड येणार नाही. मृगाला दम्यावरचा उपाय म्हणून हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणाऱ्यांना मी अडवत नाही, पण पंप पिशवीत ठेवा आणि परत आल्यावर बंद करू नका.

कामाच्या जागेचं शेवटी लिहितोय, पण ते महत्त्वाने शेवटचं नाही. पिठाची धूळ हुंगणाऱ्यांचा दमा रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवला आहे. पीठगिरणी, बेकरी, फर्निचरचा कारखाना, रंगकाम, मसाल्याची कांडप. इथे वीस वर्षं काही झालं नाही म्हणून एकविसाव्या वर्षी होणार नाही असं नसतं. गाजर गवत उपटणाऱ्यांच्या हातांवर आणि मानेवरही पुरळ असंच कधीतरी अचानक उठतं. खोकला रविवारी किंवा गावी गेल्यावर कमी होतो आणि कामावर आल्यावर वाढतो का, हे महिनाभर वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. कामामुळे दमा आहे असं ठरलं तर लवकर बाजूला होणाऱ्यांचा तो बरा होण्याची शक्यता जास्त असते. पाच-सात वर्षं रेटून मग सोडलं तर नोकरी जाते आणि दमाही राहतो. एकदम नोकरी बदलणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. धूळ ओढणारा पंखा, गोण्या सावकाश ओतणं, जागा बदलून मागणं, इथून सुरुवात करा.

आणि एक तातडीचं. बोलताना एक वाक्य एका श्वासात पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा आराम देणारा पंप घेऊनही काही मिनिटांत फरक पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका, वाफही घेत बसू नका. १०८ ला फोन लावा, रुग्णाला टेकून बसतं करा, आणि गाडी येईपर्यंत पंपाचे फवारे स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, देत राहा.